अडलेलें कडें

यंत्र सुरळीत चाललें असतां त्याची आठवण कोणास होत नाहीं. घड्याळ बंद पडलें, शिवणयंत्राचा दोरा वारंवार तुटूं लागला, पंखा कुरकुरूं लागला, म्हणजे मगच त्याच्या पोटांत काय असावें हा प्रश्न घरच्या माणसांना पडतो. राज्यांच्या इतिहासांतहि कांहींसें असेंच घडतें. कारभार सुखानें चालला असतां दप्तरांत फारसें कांहीं उरत नाहीं. तंटा उपस्थित झाला, वसुली अडली, कोणी फिर्याद घेऊन आलें, कीं कागदांचे गठ्ठे वाढतात, आणि पुढें शेंदीडशें वर्षांनीं इतिहास लिहिणाऱ्याला त्याच गठ्ठ्यांतून त्या काळचें खरें जीवन दिसूं लागतें. बिघाड हा अशा रीतीनें इतिहासाचा मोठा उपकारकर्ता आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय वरकरणीं अगदीं क्षुल्लक आहे. जुन्या घडणीचा एक कॅमेरा. त्याच्या भिंगाभोंवतीं अंतर जुळवण्याचें एक कडें. आणि तें कडें अडलेलें. परंतु हें कडें कां अडतें, तें कसें सोडवावें, आणि तें सोडवण्याची विद्या मुंबईंत कोणाच्या हातांत होती व आज कोणाच्या हातांत उरली आहे, हे तीन प्रश्न एकामागून एक विचारले, तर ह्या शहराच्या दीडपावणेदोनशें वर्षांच्या जीवनाचा एक दुर्लक्षित भाग उजेडांत येतो. म्हणून वाचकांनीं थोडें धैर्य धरून आमच्याबरोबर त्या कड्याच्या आंत डोकवावें, अशी विनंति आहे.

भिंगाचें काम वस्तूपासून आलेले किरण एकत्र आणून पाठीमागच्या फिल्मवर प्रतिमा उमटवण्याचें. दूरच्या डोंगराची प्रतिमा ज्या ठिकाणीं स्पष्ट उमटते, त्याच ठिकाणीं समोर उभ्या असलेल्या मुलाची उमटत नाहीं. तिच्यासाठीं भिंग किंचित् पुढें सरकवावें लागतें. तें किती, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. ५० मिलिमीटर नाभ्यंतराचें भिंग अनंत अंतरावरून एक मीटर अंतरावर आणावयाचें तर तें सुमारें २.६ मिलिमीटर पुढें यावें लागतें. आणि अनंतापासून दहा मीटरांपर्यंत यावयाचें तर अवघें पाव मिलिमीटर. म्हणजे आकाशाच्या कडेपासून रस्त्यापलीकडच्या घरापर्यंतचें सारें विश्व एका पाव मिलिमीटरांत सामावलें आहे. कड्याचें सर्व कौशल्य ह्या एवढ्याशा अंतराचा हिशेब ठेवण्यांत आहे.

हा हिशेब ठेवण्याची रीत प्रथमपासून अशी सूक्ष्म नव्हती. १८३९ सालीं दागेर ह्या फ्रेंच गृहस्थाची कृति जगजाहीर झाली, तेव्हां कॅमेरा म्हणजे एकांत एक बसणाऱ्या दोन लांकडी पेट्या होत्या. आंतली पेटी पुढेंमागें सरकवावयाची आणि घांसलेल्या काचेवर प्रतिमा स्पष्ट दिसेपर्यंत थांबावयाचें नाहीं, एवढीच ती युक्ति. पुढच्याच वर्षीं व्हिएन्नाच्या पेत्सव्हाल ह्या गणितज्ञानें आंखलेलें भिंग बाजारांत आलें. मागाहून पितळी नळी, तिला दांतेरी पट्टी व फिरवावयाची कळ आली. चामड्याचा भाता आला. डोक्यावर काळें कापड घेऊन कांचेंत पाहणारा छायाचित्रकार सर्वांच्या परिचयाचा झाला. अशा कॅमेऱ्यांत बिघाड झालाच तर तो उघड्या डोळ्यांना दिसणारा असे, आणि कोणत्याहि सुताराला किंवा तांबटाला तो समजण्यासारखा होता.

मुंबईंत ही विद्या फार लवकर आली. १८५४ सालीं येथें छायाचित्रकारांची संस्था निघाली, आणि १८५५ सालीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे स्वतः वैद्यकीचे पदवीधर असून ह्या कलेंत निष्णात होते आणि त्या संस्थेच्या कार्यकारी मंडळावर त्यांनीं काम केलें. हरिश्चंद्र चिंतामण यांनीं एल्फिन्स्टनच्या वर्गांत शिक्षण घेऊन पुढें स्वतःची चित्रशाळा थाटली. नव्या शिक्षणाच्या पहिल्या पिढीनें शेक्सपीअर आणि मिल्ल यांच्याबरोबर हें यंत्रहि हातीं घेतलें, ही गोष्ट आमच्या विद्वत्तेच्या इतिहासांत बहुधा एका ओळींत उरकली जाते. वस्तुतः त्या काळीं छायाचित्र काढणें म्हणजे आपल्या हातानें कांच स्वच्छ करणें, तीवर रसायनें पसरणें, चांदीच्या क्षारानें बोटें काळीं करून घेणें. सुशिक्षित हिंदु गृहस्थानें असें हात काळें करण्याचें काम आपण होऊन पत्करलें, हें त्या पिढीचें धाडस लहान नव्हे.

पुढच्या पिढींत हें धाडस आणखी वाढलें. १८९६ च्या ७ जुलैस वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें दाखविण्यांत आलीं. छायाचित्रणाच्या साहित्याचा व्यापार करणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना मुंबईकर सावेदादा म्हणत, यांनीं विलायतेहून २१ गिन्यांस एक चलत् चित्रांचा कॅमेरा मागविला, १८९९ सालीं हँगिंग गार्डनमध्यें दोन मल्लांची कुस्ती टिपली, आणि १९०१ च्या डिसेंबरांत रँग्लर परांजपे केंब्रिजहून परत आले, तेव्हां त्यांच्या स्वागताचें चित्र घेतलें. मग आले दादासाहेब फाळके. जे. जे. कलाशाळा, बडोद्याचें कलाभवन, गोध्र्याची चित्रशाळा, पुराणवस्तु खात्याची नोकरी, छापखाना, असा त्यांच्या हातांचा प्रवास झाला होता. १९१२ सालीं लंडनला जाऊन त्यांनीं विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला. तो मुंबईस येऊन पोंचल्यावर सोबत आलेल्या आराखड्यावरून त्यांनीं स्वतःच तो जोडला. फिल्म कोरी येत असे. तिच्या कडांना भोकें पाडण्याचें काम सरस्वतीबाई घरांत अंधार करून करीत. दादरच्या मेन रोडवरील त्या घरीं 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला आणि १९१३ च्या ३ मे रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. ह्या साऱ्या खटाटोपाची हकीकत फाळक्यांनीं १९१७ व १९१८ सालीं 'नवयुग' मासिकांत मराठींत लिहून ठेवली, हेंहि विसरतां कामा नये. यंत्र हाताळणारा मनुष्य लेखणीहि हाताळतो, असें आपल्याकडे क्वचितच घडतें.

कोल्हापुरांत तर ह्याहून विलक्षण प्रकार घडला. आनंदराव आणि बाबूराव पेंटर ह्या बंधूंच्या मनांत कॅमेरा विकत घेण्याऐवजीं तो घरींच घडवावा असें आलें. आनंदराव १९१६ सालीं वारले. बाबूरावांनीं विष्णुपंत दामले यांच्या साहाय्यानें १९१८ च्या सुमारास तो कॅमेरा पुरा केला आणि १९२० सालीं 'सैरंध्री' पडद्यावर आली. हेच दामले पुढें १९२९ सालीं 'प्रभात'च्या संस्थापकांत होते, ध्वनिलेखनाचें काम त्यांनीं पाहिलें, आणि फत्तेलाल यांच्यासह 'संत तुकाराम' ह्या १९३६ च्या चित्रपटाचें दिग्दर्शन केलें. व्हेनिसला १९३७ सालीं ज्याची वाखाणणी झाली, त्या चित्रपटामागें दांतेरी चाकें घांसणारा एक हात होता. आपण मात्र तुकारामाच्या भूमिकेची आठवण ठेवतों. चाकांची ठेवीत नाहीं.

ह्याच चलत् चित्रांच्या फिल्मनें पुढें साध्या कॅमेऱ्याचें रूप पालटलें. जर्मनींतील वेट्झलार गांवीं लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यांत ऑस्कर बार्नाक नांवाचा कारागीर होता. त्यानें १९१३-१४ च्या सुमारास चित्रपटाचीच ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म आडवी धरून, तिच्यावरील चित्राचा आकार दुप्पट करून, खिशांत मावेल असा कॅमेरा तयार केला. महायुद्धामुळें तो मागें पडला. १९२५ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत तो 'लायका' ह्या नांवानें विक्रीस आला. फाळक्यांच्या दादरच्या घरांत जी फिल्म अंधारांत भोंकली जात होती तिचीच ही बहीण.

परंतु लहान कॅमेऱ्यांत घांसलेली कांच बसवणार कोठें आणि तिच्यांत पाहणार कसें? त्यावर तोडगा निघाला तो मोजणीदारांच्या आणि तोफखान्याच्या विद्येंतून. दोन खिडक्यांतून एकच वस्तु पाहिली तर तिचीं दोन बिंबें दिसतात. एक आरसा किंचित् फिरवून तीं एकावर एक आणलीं, म्हणजे आरसा किती फिरला त्यावरून वस्तूचें अंतर कळतें. ज्याला त्रिकोणाचा पाया आणि दोन कोन ठाऊक आहेत, त्याला शिरोबिंदु किती दूर आहे हें सांगतां येतें. शाळेंतली भूमिति ती हीच. असें अंतरमापक १९१६ सालीं कोडॅकनें एका घडीच्या कॅमेऱ्यास जोडून पाहिलें होतें. १९३२ सालीं लायकाच्या दुसऱ्या आवृत्तींत, आणि त्याच वर्षीं ड्रेस्डेनच्या झाइस इकॉनच्या 'काँटॅक्स'मध्यें, तें भिंगाच्या कड्याशीं कायमचें सांधलें गेलें. कडें फिरवलें कीं भिंग पुढें येतें; भिंगाच्या पाठीमागची कडा आंतल्या एका बारीक दांड्याला रेटते; दांडा आरसा फिरवितो; आणि डोळ्यासमोर दोन बिंबें एकमेकांत विरून जातात. रशियानें, जपाननें पुढें ह्याच घडणीवर आपापले कॅमेरे बेतले.

ह्या कड्याच्या आंत काय असतें तें आतां सांगतां येईल. पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या नळ्या एकमेकींत आट्यांनीं बसविलेल्या असतात. अर्ध्या वेढ्यांत भिंगाला अडीचतीन मिलिमीटर पुढें यावयाचें असतें. साध्या एकेरी आट्यानें हें साधावयाचें तर आटा बेढब रुंद करावा लागेल. म्हणून चारपांच किंवा त्याहून अधिक आटे शेजारीं शेजारीं एकाच वेळीं कापतात. भिंग फिरूं नये, केवळ पुढेंमागें सरावें, यासाठीं एक लहानशी पट्टी खांचेंत घसरत असते. ह्या सर्वांच्या मधली फट केसाहून बारीक, आणि ती भरून काढणारें ग्रीस. कड्याची फिरण्याची जी लोण्यासारखी गति जाणकारांना आवडते, ती धातूची नसून ह्या ग्रीसाची असते.

आणि दगा देतें तेंहि हेंच. ग्रीस म्हणजे साबणांत धरून ठेवलेलें तेल. वीसतीस वर्षांत त्यांतलें तेल हळूहळू वेगळें होऊन वाहत जातें. कांहीं भिंगाच्या पडद्याच्या पात्यांवर पसरतें, कांहीं कांचेवर धुकें धरतें. मागें उरतो तो धूळमिश्रित साबण, मेणासारखा घट्ट. पितळेशीं स्निग्ध आम्लांचा संयोग होऊन हिरवा थर धरतो, तो तर लाखेसारखा चिकटतो. त्यांत मुंबईची हवा. येथें वर्षाकांठीं २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत पडतो. आषाढश्रावणांत हवेंतील दमटपणा दिवसेंदिवस शेंकडा ८० च्या खालीं उतरत नाहीं. अँटॉप हिलच्या बाजूला तर ह्यांत आणखी एक भर आहे. ही टेकडी शहराच्या पूर्व अंगाला. वडाळ्याकडे मिठागरें पसरलेलीं, पलीकडे खाडी. मिठागरांपैकीं पुष्कळ जागा पुढें वस्तीखालीं गेली. केंद्र सरकारच्या नोकरांच्या इमारती उभ्या राहिल्या. परंतु वाऱ्यानें आपला खारटपणा सोडलेला नाहीं. खिडकीच्या गजांवर तो दिसतो, तसाच चामडी पेटींत जपून ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या आट्यांतहि तो शिरतो. किंबहुना चामडें ओल धरून ठेवतें, म्हणून जपून ठेवलेला कॅमेराच आधीं बिघडतो.

त्या वसाहतींत राहणारे आमचे एक स्नेही आहेत. त्यांच्या वडिलांचा एक कॅमेरा, लायकाच्या घडणीचा, अनेक वर्षें कपाटांत होता. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस तो बाहेर काढला, तेव्हां कडें तीन मीटरांच्या खुणेवर अडकलेलें आढळलें. घरांत एकानें शिवणयंत्राचें तेल सोडावें असें सुचविलें, दुसऱ्यानें पक्कड आणली. सुदैवानें स्नेह्यांच्या आईंनीं दोन्हींना अटकाव केला. "तुमच्या वडिलांनीं त्याला कधीं जोर लावला नाहीं, तुम्हीहि लावूं नका," एवढेंच त्या म्हणाल्या. मग कोणीतरी लालबागच्या एका मिस्त्रींचें नांव सांगितलें, आणि स्नेह्यांबरोबर आम्हीहि कुतूहलानें गेलों.

हे मिस्त्री पंचाहत्तरीच्या घरांतले. तरुणपणीं परळच्या एका गिरणींत फिटर होते. १९८२ च्या जानेवारींत गिरणी कामगारांचा जो संप सुरू झाला, ज्यांत सुमारें अडीच लाख लोक होते, त्यानंतर पुष्कळांप्रमाणें ह्यांचीहि गिरणी सुटली. शिवणयंत्रें, घड्याळें, पंखे आणि कॅमेरे ह्यांच्या दुरुस्तीवर त्यांनीं घर चालविलें. चाळींतल्या खोलींत खिडकीपाशीं एक पाट, त्यावर पांढरें फडकें, डाव्या हाताशीं वाट्या. त्यांनीं कॅमेरा हातांत घेतला, कड्याला हात लावला नाहीं. आधीं भिंगच पिळून कॅमेऱ्यापासून वेगळें केलें.

"सर, गाडी अडली तर बैल अडला का चाक, हें आधी बघायला नको? भिंग सुटं करून फिरलं, तर दोष आतल्या दांड्यात. नाही फिरलं, तर दोष भिंगात."

नाहीं फिरलें. मग त्यांनीं कड्याच्या कांठावरचा एक लहानसा खटका दाबून पाहिला. कांहीं भिंगांत अनंताच्या खुणेवर कडें मुद्दाम अडकावें अशी कळ असते. ती न दाबतां लोक जोर करतात आणि बिघाड नसलेल्या यंत्रांत बिघाड करून ठेवतात. येथें तसें नव्हतें. मग त्यांनीं डोळ्याला भिंग लावून स्क्रूंचीं तोंडें पाहिलीं आणि म्हणाले, "हें आधी एकदा उघडलेलं आहे. ज्यानं उघडलं तो शहाणा होता; तोंडं खराब केलेली नाहीत." पन्नास वर्षांपूर्वींच्या कोणा अज्ञात कारागिराला मिळालेलें हें प्रशस्तिपत्र आम्हांला एखाद्या ताम्रपटाहून कमी मोलाचें वाटलें नाहीं.

त्यांची पुढची रीत वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून थोडक्यांत देतों. तेल सोडणें हा सर्वांत वाईट उपाय. तें आट्यांत थांबत नाहीं, कांचांमध्यें उतरतें. लायटरांत वापरतात तसला चटकन् उडून जाणारा द्रव सुईच्या टोंकानें फटींत थेंबभर सोडावा, जवळपास दिवा किंवा विस्तव नसावा, आणि वाट पाहावी; दिवसभर, प्रसंगीं दोन दिवस. मधून थोडी ऊब द्यावी, केस वाळविण्याच्या यंत्राची पुरे. कडें हलूं लागलें कीं तें केसभर पुढें, केसभर मागें असेंच फिरवावें. तें मोकळें झालें म्हणजे काम झालें असें नव्हे. घट्ट साबण आंत आहेच, तो काढल्यावांचून महिन्याभरांत पुनः तीच गत होईल. म्हणून नळ्या वेगळ्या कराव्या लागतात. आणि सारी परीक्षा येथें आहे. आटे अनेक असल्यामुळें नळी अनेक जागीं शिरूं शकते, परंतु योग्य जागा एकच. दुसऱ्या जागीं शिरली तर कडें सुरेख फिरेल, पण अंतराचा हिशेब चुकेल. यास्तव नळी कोठें सुटते त्या ठिकाणीं दोन्हीं भागांवर खूण करावयाची. खूण केल्यावांचून शेवटचा वेढा सोडावयाचा नाहीं. मग जुना थर पुसून, धुऊन, वाळवून, नवें ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढेंच लावावयाचें.

शेवटीं तपासणी. ज्या कॅमेऱ्याचा पाठीमागचा पत्रा निघतो, त्यांत फिल्मच्या जागीं पातळ अर्धपारदर्शक कागद ताणून धरतात आणि मैलभर दूरच्या एखाद्या चिमणीकडे वळवून कडें अनंतावर ठेवतात. कागदावर चिमणी रेखीव उमटली पाहिजे, आणि खिडकींतून पाहतां तिचीं दोन बिंबें एक झालीं पाहिजेत. नंतर टेपानें मोजून एक मीटरावर तीच परीक्षा. दूरचें आणि जवळचें, दोन्हीं जुळलें तर मधलें सर्व जुळतें. मिस्त्रींनीं हें सर्व आटोपून कॅमेरा स्नेह्यांच्या हातीं दिला. "कुठं शिकलांत हें?" असें आम्हीं विचारलें. "गिरणीत. आटा तो आटाच, सर. तिथं हाताएवढा, इथं नखाएवढा." हातांखालीं कोणी शिकत आहे का, ह्यावर त्यांनीं फक्त मान हलविली.

मिस्त्रींची ती हललेली मान हा ह्या लेखाचा खरा विषय होय. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालावर निर्बंध आले. नवा कॅमेरा मिळणें दुर्घट झालें. उटीचा सरकारी फिल्म कारखाना १९६० सालीं स्थापन झाला तरी त्याचा माल बाजारांत यावयास आणखी वर्षें गेलीं. त्या टंचाईच्या काळांत मध्यमवर्गाच्या घरचे कॅमेरे दोनदोन पिढ्या चालले ते कोणाच्या बळावर? फोर्टांतल्या गल्ल्यांतले, लालबागपरळच्या चाळींतले हे जे अनाम कारागीर, त्यांच्या बळावर. घरोघरच्या भिंतींवर मुंजींचीं, लग्नांचीं, पदवीदानाचीं जीं छायाचित्रें आहेत, तीं काढणाऱ्याचें नांव कधींमधीं पाठीमागें लिहिलेलें सांपडतें. ज्यानें तो कॅमेरा चालता ठेवला त्याचें नांव कोठेंच नाहीं. डॉ. नारायण दाजींच्या पिढीनें हात काळे करून घेतले; फाळक्यांनीं यंत्र जोडलें आणि त्याची हकीकत लिहिली; दामल्यांनीं तें घडविलें. त्यानंतर मात्र लिहिणारा हात आणि घडविणारा हात यांची फारकत झाली. आमच्या महाविद्यालयांतून पदार्थविज्ञान शिकविलें जातें, भिंगाचें सूत्र विद्यार्थ्याला तोंडपाठ असतें. परंतु त्या सूत्रांतले २.६ मिलिमीटर पितळेंत कसे कोरले जातात हें त्याला ठाऊक नसतें. मिस्त्रींना तें ठाऊक आहे, पण सूत्र ठाऊक नाहीं. दोघांची गांठ पडत नाहीं, आणि पडली तरी एकानें दुसऱ्यास 'सर' म्हणण्यापलीकडे ती जात नाहीं.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. आतां प्रत्येकाच्या खिशांतला फोन अंतर आपोआप जुळवितो, फिल्म महाग, मग हें मेलेलें शास्त्र जागवावें कशासाठीं? आम्ही असें म्हणत नाहीं कीं सर्वांनीं जुने कॅमेरे वापरावे. मोडी कोणी रोजच्या पत्रांसाठीं वापरा असेंहि कोणी म्हणत नाहीं. परंतु मोडी वाचणारा संपला तर दप्तरें असून नसल्यासारखीं होतील, हें सर्वांस कळतें. जुनें यंत्र हें एक दप्तरच आहे. त्याच्या स्क्रूंच्या तोंडांवर पूर्वींच्या हातांची लिपि असते. आंतल्या बाजूला कधीं कारागिरानें खुणेची रेघ ओढलेली असते. ग्रीसाचा रंग त्याचें वय सांगतो. कड्यावरचा कोणता आंकडा झिजला आहे त्यावरून मालक माणसांचीं चित्रें अधिक काढी कीं डोंगरांचीं, ह्याचा अंदाज येतो. हें वाचणारीं माणसें आज सत्तरीपंचाहत्तरींत आहेत. त्यांची भाषा मराठी आहे, आणि मराठींत तिची नोंद जवळजवळ नाहीं. नागपूरच्या 'उद्यम'सारख्या मासिकांनीं एके काळीं घरगुती धंद्यांची माहिती सोप्या मराठींत दिली. त्या परंपरेंत कॅमेऱ्याच्या कड्यालाहि जागा व्हावी.

हें काम अवघड नाहीं. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना आपण गडांवर नेतों. तसें वर्षांतून एकदां लालबागच्या खिडकीपाशीं नेतां येईल. मिस्त्री बोलतील तें लिहून घ्यावयाचें, त्यांच्या शब्दांत. वाट्या कशा मांडतात, खूण कशानें करतात, कोणत्या भिंगाची कोणती खोड आहे, हें सारें. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यानें शेजारीं बसून त्या बोलण्याला सूत्र जोडावें. ज्यांच्या घरीं जुना कॅमेरा आहे त्यांनीं तो चामडी पेटींतून काढून हवेशीर जागीं, ओल शोषणाऱ्या पुडीसह ठेवावा, महिन्यांतून एकदां कडें टोंकापासून टोंकापर्यंत फिरवावें, आणि अडलें तर जोर लावूं नये. सोबत एका कागदावर तो कोणी, केव्हां घेतला आणि कोणाकडून दुरुस्त करविला, एवढें लिहून ठेवावें. चार ओळींचा तो कागद पुढच्या इतिहासकाराला उपयोगी पडेल.

अडलेल्या कड्याचा कॅमेरा आंधळा नसतो. तीन मीटरांवर उभ्या असलेल्या माणसाला तो स्वच्छ पाहतो. फक्त त्याहून दूरचें आणि त्याहून जवळचें त्याला अस्पष्ट दिसतें. आमच्या शिक्षित वर्गाची दृष्टि ग्रंथांच्या अंतरावर कित्येक पिढ्या उत्तम जुळलेली आहे. ती दोन बोटें सरकवून चाळींतल्या पाटापर्यंत आणावयाची, तर जोराची आवश्यकता नाहीं. थेंबभर आस्था आणि थोडी वाट पाहण्याची तयारी पुरेशी आहे. मात्र वाट पाहण्याचे दिवस आतां फार उरलेले नाहींत.